कोणती म्हातारी?

सायली माझ्या बहिणीची मुलगी. बारावीचा शेवटचा पेपर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी येवल्याजवळच्या गावाहून बॅग घेऊन नाशिकला माझ्याकडे आली, सीईटीच्या तयारीसाठी. एका सुट्टीच्या दुपारी मी तिचा इंग्रजीचा सराव संच तपासत बसले होते. रिकाम्या जागांमध्ये एक वाक्य होतं: 'द ओल्ड वूमन इज लुकिंग फॉरवर्ड टू ____ हर सन आफ्टर नाइन इयर्स.' पर्याय चार. सी, सीइंग, सॉ, सीन. तिनं सीइंगला गोल केला होता. बरोबर होतं. मी सहज म्हटलं, "नऊ वर्षं! कुठे असेल गं हा मुलगा इतकी वर्षं?" ती तोवर पुढच्या संचात शिरली होती. मान वर न करता म्हणाली, "कुणाचा मुलगा?"

"अगं, त्या म्हातारीचा."

"कोणती म्हातारी?"

मी बोटानं दाखवलं. तिनं वाक्याकडे पाहिलं आणि हसली. म्हणाली, "मावशी, वाक्य कोण वाचतं? लुकिंग फॉरवर्ड टू दिसलं ना, टू नंतर आयएनजी. विषय संपला. डोळा डायरेक्ट रिकाम्या जागेच्या अलीकडे टाकायचा. सगळं वाचत बसलं तर पेपर पुरा होत नाही."

यात खोट काढायला जागा नव्हती. उत्तर बरोबर, पद्धत बरोबर, वेळेचा हिशोबही बरोबर. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला धड मिनिटभरही मिळत नाही. तरी संध्याकाळी कणीक मळताना ती म्हातारी काही माझ्या डोक्यातून जाईना. चाळीस वाक्यं एका पोरीनं सोडवली, बहुतेक सगळी बरोबर सोडवली, आणि त्यातल्या एकाही वाक्यात काय घडलं ते तिला माहीत नव्हतं. मला राग आला नव्हता. कौतुक वाटत होतं आणि कौतुकाच्या खाली काहीतरी टोचत होतं. नेमकं काय, ते त्या रात्री तरी सापडलं नाही.

मग वाटलं, आपण तरी कधी चौकशी केली होती? व्याकरणाच्या पुस्तकांत एक डॉक्टर आहे. तो येण्यापूर्वी रोगी मरण पावलेला असतो. माझ्या वेळी मेला होता, माझ्या वडिलांच्या वेळी मेला होता, सायलीच्या वहीतही मेलेलाच आहे. त्याला झालं काय होतं, डॉक्टरला यायला उशीर का झाला, घरच्यांनी कुणाला निरोप धाडला होता, हे आजवर एकाही वर्गात कुणी विचारलेलं नाही. पास्ट परफेक्ट टेन्स शिकवायचा तर एकाला आधी मरावं लागतं आणि दुसऱ्याला मागून यावं लागतं, एवढंच त्यांचं काम. पोलिस पोचण्यापूर्वी चोर पळालेला असतो. आपण स्टेशनवर पोचण्यापूर्वी गाडी सुटलेली असते. घंटा वाजते न वाजते तोच मुलं बाहेर धावतात, कारण 'नो सूनर'नंतर 'दॅन' आणायचं असतं. या सगळ्या मंडळींना चेहरा नाही, आडनाव नाही. राम असतो, त्याचे भाऊ असतात, आणि 'नायदर राम नॉर हिज ब्रदर्स' म्हटल्यावर ते सगळे मिळून कुठेतरी जात नाहीत. कुठे जात नाहीत, ते गौण. क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे लावलं की झालं.

माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेत. वर पत्रे होते. पावसाळ्यात त्या पत्र्यांच्या आवाजावर आवाज चढवून आम्ही 'गो वेंट गॉन, कम केम कम, कट कट कट' असं पाढ्यांच्या चालीवर ओरडायचो. 'कट कट कट' सगळ्यांचं लाडकं, कारण त्यात चुकायला वावच नव्हता. ओल्या दप्तरांचा कुबट वास, गुरुजींच्या हातातली छडी आणि फळ्यावर तीन उभ्या रकान्यांत उतरत जाणारी क्रियापदं. 'गॉन' म्हणजे काय हे मला कळलं ते फार नंतर, पण 'वेंट'च्या पाठोपाठ 'गॉन' तोंडातून आपोआप पडायचं. पुढे दहावीला 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' आलं. 'रिमूव्ह टू', 'मेक इट अफर्मेटिव्ह', 'बिगिन विथ अमुक'. वाक्याला उलटं टांगायचं, सुलटं करायचं, त्याच्या खिशातून एक शब्द काढून दुसरा घालायचा. अर्थ बदलू द्यायचा नाही, ही अट होती. आम्हाला ती पाळणं सोपं जायचं, कारण अर्थ आमच्याकडे नसायचाच.

वडिलांना इंग्रजी आठवीपासून होतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली ती पिढी. कचेरीत कारकून होते, त्यामुळे 'आय बेग टू स्टेट' आणि 'युवर मोस्ट ओबीडियंट' वगैरे त्यांच्या बोटांत बसलेलं. पण त्यांचं खरं प्रेम 'लेस्ट'वर. 'वर्क हार्ड लेस्ट यू शुड फेल.' लेस्टनंतर शुड, दुसरं काही नाही, हे ते अशा ठामपणे सांगायचे की जणू कायदाच. इतकी वर्षं मी विमा कंपनीत नोकरी करते, रोज इंग्रजीत मेल लिहिते, पण 'लेस्ट' वापरणारा माणूस मला परीक्षेच्या पेपराबाहेर भेटलेला नाही. दुपारचा चहा आला की वडील कप उचलायचे, ठेवायचे आणि म्हणायचे, "द टी इज टू हॉट टू ड्रिंक." लगेच आम्ही भावंडं ओरडायचो, "रिमूव्ह टू!" मग ज्याची पाळी असेल त्यानं 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट' म्हणायचं. आमच्या घरात इंग्रजीतून बोललं गेलेलं, आणि समजून बोललं गेलेलं, ते बहुधा एवढं एकच वाक्य. चहा खरोखर समोर असायचा. वाफ दिसायची.

सायलीच्या पिढीला पहिलीपासून इंग्रजी. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते तेव्हा, २००० साली हा निर्णय झाला. त्यावर केवढं रणकंदन माजलं होतं ते अनेकांना आठवत असेल. आठवी, पाचवी, पहिली. इयत्ता खाली खाली येत गेली, पुस्तकं रंगीत झाली, छडी गेली, मोबाईलवर शिकवणारे सर आले. आणि तिन्ही पिढ्या फिरून त्याच रिकाम्या जागेपुढे येऊन उभ्या.

सायलीला बीबीए करायचंय. दाजींचा कांद्याचा सगळा हिशोब तीच ठेवते. लासलगावची पट्टी हातात आली की हमाली, तोलाई वजा करून हाती काय राहिलं ते ती उभ्या उभ्या सांगते. तर अशा मुलीला धंद्याचं शिक्षण घ्यायचं तर आधी इंग्रजीच्या चाळीस प्रश्नांतून जायचं. शंभरातले चाळीस. तर्कबुद्धीला तीस, सामान्य ज्ञानाला पंधरा, संगणकाला पंधरा. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी सेलनं त्यांच्यासाठी ही वेगळी परीक्षा काढली. पहिल्या वर्षी गावोगावच्या मुलांना अशी परीक्षा आहे याचाच पत्ता नव्हता. जागा ओस पडायची वेळ आली तेव्हा परीक्षा आणखी एकदा घ्यावी लागली. आणि आपल्याकडची हुशारी पाहा, अनेक कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं. बीकॉम म्हणायचं, पुढे कंसात मॅनेजमेंट लिहायचं, झाली सीईटीतून सुटका. अर्थ न बदलता वाक्य बदला, हा प्रश्न त्यांना पैकीच्या पैकी सुटला.

तिची एक लांबट वही आहे, हिशोबाची असते तशी. तिच्यात नियम. 'सिनियर, ज्युनियर, सुपिरियर, इन्फिरियर, प्रेफर: टू. दॅन कधीच नाही.' 'डिस्कसनंतर अबाउट नाही.' 'फर्निचर, लगेज, अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, सीनरी: एस लावायचा नाही.' प्रत्येक नियमाखाली लाल शाईत एक खूण, किती वेळा चुकला त्याची. हे सगळं ती मोबाईलवरच्या सरांकडून उतरवून घेते. सर हिंदीतून शिकवतात, वही मराठीत, नियम इंग्रजीचा. त्यातलंच एक प्रकरण म्हणजे ओसास्कॉम्प. नामाच्या आधी बरीच विशेषणं आली तर त्यांचा क्रम कसा, त्याची ही किल्ली: आधी मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाचं बनलंय ते, आणि शेवटी कशासाठी ते. दोन दिवस ती उठताबसता ओसास्कॉम्प, ओसास्कॉम्प करत होती. एकदा फोडणी टाकता टाकता थांबली. मोहरी तडतडत होती, हिंग पडायचा राहिला होता, आणि ही फडताळाकडे बघत पुटपुटतेय, "छान... मोठा... जुना... गोल... पिवळा... नाशिकचा... पितळी... मसाल्याचा डबा." आठही विशेषणं ओळीनं. मग तिनं ती मुद्दाम फिरवून पाहिली. "पितळी छान मसाल्याचा जुना डबा. ईऽ! मावशी, मराठीत पण तोच क्रम बसतो की! हे आपल्याला कुणी शिकवलं?" मोहरी जळली. आजीपासून चालत आलेला तो डबा तिनं खाली काढला, हातात धरून उलटसुलट केला, झाकण उघडून नाक खुपसलं आणि शिंकली. त्या दिवशीची आमटी कडवट झाली, ती आम्ही मुकाट खाल्ली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा राहतो, तोही याच परीक्षेला बसणारा. बालवाडीपासून इंग्रजी माध्यम. आईबाप त्याच्याशी इंग्रजीत बोलतात, कुत्र्याशीही. तो कधीमधी खाली येतो आणि दोघं एकच संच सोडवतात. त्याची रीत वेगळी. तो वाक्य पूर्ण वाचतो, ओठांतल्या ओठांत म्हणून बघतो आणि कानाला जे बरं लागेल त्यावर खूण करतो. 'कोप अप विथ' त्याला बरं लागतं. 'वन ऑफ माय फ्रेंड' बरं लागतं. 'ही इज सिनियर दॅन मी' तर फारच बरं. सायली वहीतला नियम दाखवते तेव्हा तो वैतागतो. "असंच तर बोलतात सगळे!" खरं आहे त्याचं. आमच्या कचेरीतही सगळे 'डिस्कस अबाउट' लिहितात, 'डू द नीडफुल' लिहितात, आणि विम्याचे दावे व्यवस्थित निकाली निघतात. पण संचात सायलीचे मार्क त्याच्याहून जास्त पडतात, नेहमी.

ते बघताना मला माझ्या टोचणीतला अर्धा भाग सापडला. मी मनातल्या मनात या नियमांना नावं ठेवत होते. पोपटपंची, घोकंपट्टी, अर्थाशिवायचं इंग्रजी, असं सगळं. पण इंग्रजीतलं बाकी काय या मुलीच्या हाती लागण्यासारखं आहे? उच्चार घरातून येतात. सफाई शाळेच्या फीतून येते. कुठे विनोद करायचा, कुठे 'सॉरी' म्हणायचं आणि कुठे ते नुसतं खांद्यांनी उडवायचं, हे सोबतीतून येतं. नियम तेवढा कुणाच्याही वहीत उतरतो. तो तुमच्या बापाचा पगार विचारत नाही. दाजींना इंग्रजीत सहीपलीकडे काही येत नाही, आणि 'प्रेफर'नंतर 'टू' येतो हे त्यांच्या मुलीला वरच्या मजल्यापेक्षा पक्कं ठाऊक आहे. अशा वेळी "आधी भाषेचा आनंद घे बाई" असं सांगणं मला तरी शहाणपणाचं वाटेना. ज्यांच्या घरात तो आनंद आयता आलेला असतो त्यांनाच हा सल्ला सुचतो.

अर्थात नियमही अधूनमधून घात करतो. अ आणि अ‍ॅनचा नियम स्पेलिंगवरून नाही, उच्चारावरून चालतो. अ युनिव्हर्सिटी, अ‍ॅन अवर, अ‍ॅन एमएलए. सायलीनं 'ऑनेस्ट मॅन'च्या आधी 'अ' लावला, कारण ती तो शब्द 'हॉनेस्ट' असा वाचत होती. "सर म्हणतात बोलून बघा. पण मी ऐकलेलंच नाही, तर बोलून काय बघू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्याकडे होतं. असे कितीसे शब्द असणार, म्हणून तिनं यादी केली: अवर, ऑनर, ऑनेस्ट, एअर, म्हणजे वारस. "एवढेच तर आहेत. पाठ करून टाकले." कानाची कसर तिनं चार ओळींत भरून काढली आणि पान उलटलं.

दुसरी गंमत उत्तरसूचीची. 'एव्हरीवन शुड डू ____ ड्युटी.' एका संचात उत्तर 'हिज', दुसऱ्यात 'देअर'. माझ्याकडे रेन आणि मार्टिनचं इंग्रजी व्याकरणाचं लाल जाडजूड पुस्तक आहे, वडिलांनी घेतलेलं. मुळात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेलं, आणि त्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक काळ आपण वापरलेलं. ते 'हिज'च्या बाजूचं. आजचं जग 'देअर'च्या बाजूला गेलंय. परीक्षा कुणाच्या बाजूची? सायलीनं यावरही तोडगा काढला: दोन्ही पर्याय असतील तर जुनं धरायचं, एकच असेल तर प्रश्नच नाही. 'कमिटी'चंही तसंच. सगळे एकमतानं असतील तर कमिटी इज, मतभेद असतील तर कमिटी आर. आमच्या सोसायटीची कमिटी मी जन्मभर एकवचनी पाहिलेली नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. तिलाच पुढे मॅट्रिक म्हणू लागले. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर ही माणसं त्या पहिल्या तुकडीतली. त्यांच्या पुढ्यात अ ब क ड नव्हते हे नक्की. पण कॉलेजच्या दारात इंग्रजी उभं करून ठेवायची रीत तेव्हापासूनची, आणि दारावरच्या माणसाशी कसं बोलायचं हे ज्यानं त्यानं आपापल्या वहीत लिहून ठेवण्याचीही. तेव्हा सायली काही जगावेगळं करत नाहीये. हे मी स्वतःला समजावलं तरी टोचणीचा उरलेला अर्धा भाग जागचा हलला नाही.

मार्च संपता संपता एक दिवस ती वेळ लावून पूर्ण संच सोडवत होती. मोबाईलवर नव्वद मिनिटांचा गजर. मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होते. मध्येच हाक आली, "मावशी, मधमाशी नाचते?"

उताऱ्यावरचे प्रश्न. उताऱ्यांची तिची ठरलेली युक्ती म्हणजे आधी प्रश्न वाचायचे, मग उताऱ्यात तेवढेच शब्द शोधायचे. पण या वेळी काहीतरी बिनसलं होतं. ती उतारा वाचत होती, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून. फुलं सापडलेली माशी पोळ्यावर परतते आणि इंग्रजी आठच्या आकड्यात नाचते. मधली सरळ रेघ काढताना अंग थरथरवते. ती रेघ उभ्या दिशेशी जो कोन करते, तोच कोन सूर्याशी धरून बाकीच्या माश्या बाहेर उडतात. थरथर जेवढी लांबते तेवढी फुलं लांब. "हे खरंय का पण? का नुसतं पॅसेजसाठी लिहिलंय?" मी म्हटलं, खरं आहे, हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला नोबेल मिळालंय. "अगं पण तुझी वेळ चाललीय." तिनं ऐकलंच नाही. तिसऱ्यांदा वाचत होती. एका शब्दापाशी अडली, तो मला विचारला, पुन्हा मागे गेली. गजर झाला तेव्हा बरेच प्रश्न कोरे होते. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून तिनं सगळीकडे घाईघाईनं ब ठोकला.

दाजी दोन-अडीच एकरांत कांद्याचं बी करतात. कांदा पुन्हा लावायचा, त्याला डोंगळे येऊ द्यायचे, पांढऱ्या गोंड्यांनी रान भरलं की माश्या यायची वाट बघायची. माशी आली तर बी भरतं, नाही आली तर गोंडे पोकळ. औषधांच्या फवाऱ्यांनी माश्या कमी झाल्या म्हणून गेली दोन वर्षं ते भाड्यानं मधमाश्यांच्या पेट्या आणतात. पेट्या रात्री आणायच्या, सकाळी दारं उघडायची, हे सगळं सायलीनं केलेलं आहे. एक डंख कानाच्या पाळीवर आहे अजून.

तिनं लगेच घरी फोन लावला. स्पीकरवर. मागे मोटारीचा आवाज येत होता.

"पप्पा, ऐका. माशी नाचून सांगते फुलं कुठे आहेत ते."

"तुझा पेपर होता ना आज? किती पडले?"

"कमी पडले. आधी ऐका ना. सूर्याकडे तोंड करून सरळ उडायचं असेल तर ती सरळ वरच्या दिशेनं नाचते. उजवीकडे जायचं असेल तर उजवीकडे कलून..."

ती इंग्रजीतली ओळ वाचायची, थांबायची, मराठीत सांगायची. सांगताना मोकळा हात हवेत आठ काढत होता. दाजी मध्ये मध्ये 'हं' म्हणत होते. मोटार बंद झाल्याचं ऐकू आलं. मग बराच विचार करून त्यांनी विचारलं, "म्हणजे मग पुढच्या साली पेट्या रानाच्या कुठल्या अंगाला ठेवाव्या म्हणते तू? उगवतीला का मावळतीला?"

सायलीनं उतारा पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"तेवढं पॅसेजमध्ये दिलेलं नाही, पप्पा."